चार पट्ट्या, ७२ खिळे: घरच्या मागावर विणलेलं फडकं आणि कोस्टर

मी विणलेलं पहिलं फडकं दिसायला छान होतं. निळ्या-पांढऱ्या रेघा, सरळ काठ, कोपऱ्यात टांगायला कडी. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर सांडलेलं पाणी मी त्याने टिपलं आणि लगेच तेच फडकं हातात धरून आचेवरचं भांडं उतरवलं. दोन पावलं टाकायच्या आत बोटांना असा चटका बसला की भांडं जेमतेम खाली टेकवता आलं. धागा सुती होता, वीण घट्ट होती, जाडीही पुरेशी होती. फडकं ओलं होतं, एवढंच.

त्या चटक्याचं कारण नीट समजून घेतलं, तर पुढचं सगळं विणकाम सोपं होतं. म्हणून आधी तेच सांगते. हाताला वाचवते ती कापडाच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. पाण्यातून ती हवेच्या जवळजवळ २४ पट सहज जाते. मोजमापाच्या भाषेत, स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ आणि पाण्याची सुमारे ०.६ वॅट प्रति मीटर प्रति अंश. फडकं भिजलं की हवेच्या सगळ्या पोकळ्यांत पाणी शिरतं. मग ते कितीही जाड असो, भांड्यापासून हातापर्यंत पाण्याचा पूल तयार होतो. भांडं फारच तापलेलं असेल तर त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेचा चटका आणखी वाईट.

तेव्हा गरम भांडं धरायचं फडकं विणताना मनात एकच विचार ठेवायचा: यात हवा किती मावेल, आणि मुठीत दाबल्यावरही ती तिथेच राहील का?

पेल्याखाली ठेवायच्या कोस्टरचं गणित याच्या उलट आहे. गार पेल्याला घाम सुटतो, म्हणजे आजूबाजूच्या हवेतली वाफ त्या गार काचेवर पाणी होऊन जमते आणि ओघळून टेबलावर येते. कोस्टरने ते पाणी पिऊन घ्यायचं असतं. शिवाय तो सपाट हवा, नाहीतर पेला डुगडुगतो. म्हणजे एकाला कोरडं आणि फुगलेलं राहायचं आहे, दुसऱ्याला भिजायचं आणि चपटं राहायचं आहे. दोन्ही विणायची रीत सारखीच, म्हणून पुष्कळ जण दोन्हीसाठी एकच धागा घेतात आणि एक तरी वस्तू फसते.

माग नेमकं काय करतो

माग म्हटलं की खोलीभर पसरलेलं लाकडी यंत्र डोळ्यांपुढे येतं. पण कितीही मोठा माग घ्या, तो तीनच कामं करतो. उभे धागे ताणून धरतो. या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. त्यातले ठरावीक धागे वर उचलून आडव्या धाग्याला, म्हणजे बाण्याला, वाट करून देतो. आणि आत आलेला बाणा आधीच्या ओळीला ठोकून बसवतो. जॉन के याने १७३३ साली धावता धोटा, म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणारं साधन, काढला, तेव्हा बाण्याची ये-जा जलद झाली. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून कुठले धागे उचलायचे ते ठरवणारी यंत्रणा बनवली. पहिलं काम, ताण धरून ठेवायचं, मात्र होतं तसंच राहिलं.

आपला घरचा माग एवढं पहिलंच काम करतो. धागे उचलणं आणि ठोकणं हे आपली बोटं, क्रोशाची सुई आणि जेवणाचा एखादा काटा करतात. चौकटीकडून मग अपेक्षा एकच: तिने वाकायचं नाही.

आधी कडी, मग चौकट

फडक्यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कापडी कड्यांची रीत. लवचीक कापडाची गोल कडी एका बाजूच्या खिळ्यात अडकवायची, ताणून समोरच्या खिळ्यात अडकवायची. अमेरिकेत १९३० च्या दशकात असे छोटे चौकोनी माग घरोघरी पोचले ते मोजे विणणाऱ्या गिरण्यांमुळे. मोज्याचा बोटांकडचा भाग बंद करताना लवचीक कापडाच्या कड्या कापून पडायच्या. त्या फेकण्याऐवजी विणायला वापरता येतात हे लक्षात आलं, आणि त्या कड्यांच्या मापाचे माग निघाले. आजही विकतच्या नेहमीच्या लहान मागाला बाजूला १८ दाते असतात.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कडी आधी होती, माग तिच्या मापाने झाला. घरी करताना आपण उलटं करतो: हौसेने चौकट ठोकतो आणि मग कड्या पुरत नाहीत किंवा लोंबतात. तुमच्याकडे ज्या कड्या होणार आहेत त्यातली एक आधी हातात घ्या, दोन बोटांत ताणून बघा. आरामात ताणल्यावर ती जेवढी लांब होते, तेवढं समोरासमोरच्या खिळ्यांतलं अंतर ठेवा. अगदी शेवटपर्यंत ताणावी लागत असेल तर चौकट लहान करा, कारण विणताना कडीला अजून ताण पडणार आहे.

कड्या जुन्या सुती टी-शर्टच्या छान होतात. काखेखालचा सरळ भाग कापून घेतला की कापडाची एक मोठी नळी मिळते. पण तिची आडवी चकली कापली तर कडी जवळजवळ मीटरभर घेराची होते, आपल्याला हवी त्याच्या तिप्पट. म्हणून नळी सपाट पसरून तिच्यावर उभ्या शिलाया मारायच्या. सपाट ठेवल्यावर रुंदी ५० सेंमी असेल तर तिचे तीन सारखे भाग पाडायचे. जिथे भाग पडतो तिथे सेंमीभर अंतर ठेवून दोन समांतर शिलाया, आणि त्या दोन्हींच्या मधून कात्री. आता १६ सेंमी रुंदीच्या तीन नळ्या झाल्या. त्यांच्या आडव्या, दोन-दोन सेंमीच्या कड्या कापायच्या. शिलाईचा टाका अगदी बारीक ठेवा, नाहीतर कापताना ती उसवते. कापलेली कडी एकदा खेचली की तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि चपट्या पट्टीची गोल दोरी होते. ४० सेंमी लांबीच्या नळीतून साधारण २० कड्या निघतात. एका फडक्याला ३६ लागतात, तेव्हा दोन रंगांचे दोन टी-शर्ट घेतले तर भरपूर उरतात.

जुन्या मोज्यांच्याही आयत्या कड्या होतात, चौकट मात्र लहान करावी लागते. आणि मोज्यांबाबत एक धोका आहे, त्याकडे येतेच.

वरच्या कडीच्या मापाने चौकट अशी होते. अडीच सेंमी रुंद आणि दोन सेंमी जाड लाकडी पट्ट्या घ्या. दोन साडेतेवीस सेंमी लांब, दोन साडेअठरा सेंमी लांब. लहान पट्ट्या मोठ्यांच्या मध्ये बसवून कोपरे डिंकाने आणि स्क्रूने पक्के करा. डिंक वाळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, गुण्या हाताशी नसला तरी चालतं. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक रेघ, रेघेवर सेंमी-सेंमीवर १८ खुणा. समोरासमोरच्या दोन रेघांत २१ सेंमी अंतर येतं. खुणा लाकडावर काढण्यापेक्षा आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावरच खिळे ठोकणं सोपं, कागद नंतर फाडून टाकता येतो.

खिळे लहान डोक्याचे, तीन सेंमीचे. अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि किंचित बाहेरच्या बाजूला कललेले, म्हणजे ताणलेली कडी वर सरकून निसटत नाही. एकाच रेघेत इतके खिळे गेले की लाकूड रेषेबरोबर चिरतं. याला एक जुना उपाय आहे: खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका द्यायचा. बोथट टोक लाकडाचे तंतू फाकवत नाही, चिरडत आत जातं. ड्रिल असेल तर बारीक भोकं आधी पाडून घ्या, त्याहून उत्तम.

एवढी खटपट नको असेल तर जुनी जाड लाकडी फोटोफ्रेमही चालते. पुठ्ठा मात्र या कामाला नको. १८ कड्यांचा एकत्र ताण पुठ्ठ्याला झेपत नाही, तो कमानीसारखा वाकतो.

धागा ओळखायची परीक्षा

आता तो धोका. मोज्यांत, लेगिंगमध्ये आणि आजकालच्या बऱ्याच टी-शर्टमध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. हे धागे वितळतात. नायलॉनचा एक सर्रास वापरातला प्रकार २२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांना. कोरडं तापलेलं जाड भांडं किंवा ओव्हनमधला ट्रे या आकड्यांच्या जवळ सहज पोचतो. वितळलेला धागा कातडीला चिकटतो, आणि फडकं झटकून टाकलं तरी तो बोटावर राहतो. सुती धागा वितळत नाही. तो आधी तपकिरी होतो, मग करपतो, वास येतो, म्हणजे इशारा मिळतो. लोकरही वितळत नाही आणि सहजासहजी पेटही घेत नाही. मात्र कृत्रिम लोकर म्हणून जो ॲक्रिलिक धागा मिळतो तो दिसायला लोकरीसारखा असला तरी आचेजवळ नको.

लेबल नसेल तर एक दोन सेंमीचा तुकडा लोखंडी चिमट्यात धरून पेटवून बघा. शेजारी पाणी भरलेलं भांडं असू द्या आणि मुलांना लांब ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी मऊ राख उरते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. कृत्रिम धागा आकसतो, थेंब होतो आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. मणी दिसला की तो धागा कोस्टरच्या बाजूला ठेवा, तिथेही तो पाणी कमी पितो, पण निदान कुणाला इजा करणार नाही. मी या बाबतीत अजिबात तडजोड करत नाही. मण्याची शंका जरी आली तरी त्या कडीचं फडकं विणत नाही.

एक वर, एक खाली

ताण्याच्या १८ कड्या वरच्या खिळ्यांतून खालच्या खिळ्यांत अडकवून झाल्या की चौकट तंतुवाद्यासारखी दिसते. आता बाण्याची पहिली कडी. नवशिके इथे कडी हातात धरून एकेका धाग्याखालून सारायला जातात, त्यात वेळ जातो आणि चुकाही होतात. त्यापेक्षा रिकामी क्रोशाची सुई आधी घाला. डावीकडून सुरुवात: पहिल्या कडीच्या खालून, दुसरीवरून, तिसरीच्या खालून, चौथीवरून, असं करत सुई उजव्या काठाला बाहेर येते. प्रत्येक कडीचे दोन पदर आहेत. ते दोन्ही मिळून एकच धागा समजायचा, त्यांच्या मधून सुई जाता कामा नये. सुईच्या आकड्यात बाण्याची कडी अडकवा, उजवं टोक उजव्या खिळ्यात घाला आणि सुई मागे ओढा. कडी तिच्यामागून आख्खी ओळ पार करून येते. डाव्या खिळ्यात अडकवा, झाली ओळ.

दुसऱ्या ओळीत सगळं उलट. जिथे वरून गेलो तिथे खालून. १८ ओळी झाल्या की १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ ठिकाणी कड्या एकमेकींना ओलांडतात. एखादं ठिकाण चुकलं तर ते शोधायला फडकं तिरपं धरून बघा. साध्या विणीत उंचवटे बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक येतात. चूक असेल तिथे दोन उंचवटे शेजारी चिकटलेले दिसतात. तेवढीच कडी सोडवून पुन्हा घालता येते, बाकीच्या ओळींना हात लावावा लागत नाही. कड्यांची रीत मला आवडते त्याचं हे एक मोठं कारण आहे. सलग धाग्यात मागच्या ओळीची चूक काढायला पुढचं सगळं उसवावं लागतं.

बाराव्या-तेराव्या ओळीनंतर सुई अडायला लागते. यात तुमच्या हाताचा दोष नाही. ताण्याची कडी सुरुवातीला सरळ होती. प्रत्येक बाणा घातला की तिला वर-खाली वळावं लागतं आणि सरळ रेघेपेक्षा नागमोडी वाटेला लांबी जास्त लागते. खिळे तर हलत नाहीत, मग ती जास्तीची लांबी कडी स्वतः ताणूनच देते. अठराव्या ओळीपर्यंत चौकटीत सुरुवातीपेक्षा कितीतरी जास्त ताण साठलेला असतो. शेवटच्या तीन-चार ओळींसाठी थोड्या बारीक कापलेल्या कड्या ठेवा आणि सुई एका दमात न घालता चार-चार कड्या करत सरकवा.

हा साठलेला ताणच पुढे कामी येतो.

काठ बांधायला साखळी घालायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून पहिली कडी खिळ्यावरून सुईवर घ्या, शेजारची दुसरीही घ्या, आणि दुसरी पहिलीच्या पोटातून ओढून काढा. सुईवर आता एकच कडी. तिसरी घ्या, तिच्यातून ओढा. असं चारही बाजूंनी फिरत जायचं. ज्यांची पाळी आली नाही त्या कड्या खिळ्यांवरच असू द्या. घाईने सगळं फडकं उचललं तर समोरच्या कड्या आत पळतात आणि मग त्या शोधत बसावं लागतं. ७२ टोकं संपली की सुईवर एक शेवटची कडी उरते. ती सेंमीभर ओढून घट्ट केली की टांगायची कडी तयार.

चौकटीवरून सुटल्याबरोबर फडकं तुमच्या डोळ्यांदेखत आकसतं. २१ सेंमीचं १६-१७ वर येतं. कड्या आपल्या मूळ लांबीकडे परत जातात, जाताना जाड होतात, मधली भोकं बुजतात आणि पातळ जाळी वाटणारं कापड बोटभर नाही तरी चांगलं अर्धा-पाऊण सेंमी जाड, लुसलुशीत होतं. हवा आत येते ती या क्षणी. न ताणणाऱ्या सुतळीने याच चौकटीवर विणलं तर हे होत नाही. कापड सपाट आणि विरळ राहतं. तसं करायचं झालं तर दोन तुकडे विणून एकमेकांवर शिवा.

जाडी आणखी हवी असेल तर वीण बदला: दोन वर, दोन खाली, आणि दर ओळीला एक घर सरकायचं. कापडावर तिरप्या रेघा उमटतात. कड्या एकमेकींना कमी वेळा ओलांडतात, त्यामुळे सुटल्यावर जास्त जवळ येतात. फडकं थोडं लहान होतं पण भरीव आणि मऊ होतं, भांड्याच्या कानाभोवती छान वळतं. पहिली दोन फडकी साध्या विणीची होऊ द्या, मग हे करा.

रेघ उभी की आडवी

रंगांचं एक कोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताण्यात निळी, पांढरी, निळी, पांढरी अशा कड्या लावा. बाण्यातही तशाच एकाआड एक घ्या. बहुतेकांना वाटतं की बुद्धिबळाचा पट होईल. होतात सरळ रेघा!

कागदावर चार-चार घरं काढून बघा. पहिल्या ओळीत ताण्याच्या विषम कड्या, म्हणजे निळ्या, वर आहेत. उरलेल्या घरांत बाणा वर दिसतो. बाणा निळा असेल तर आख्खी ओळ निळी. दुसऱ्या ओळीत ताण्याच्या सम कड्या, पांढऱ्या, वर येतात आणि बाणाही पांढरा. ओळ पूर्ण पांढरी. म्हणजे आडव्या रेघा. आता फक्त बाण्याचा क्रम बदला, पहिली ओळ पांढरी घ्या. विषम घरांत निळा ताणा, सम घरांत पांढरा बाणा. दुसऱ्या ओळीत सम घरांत पांढरा ताणा, विषम घरांत निळा बाणा. प्रत्येक विषम घर निळं, प्रत्येक सम घर पांढरं: रेघा उभ्या झाल्या. धागे तेच, वीण तीच, एका ओळीने क्रम सरकला आणि चित्र फिरलं. मध्येच एका ठिकाणी दोन निळ्या कड्या लागोपाठ घेतल्या की तिथून रेघांची दिशा बदलते. असे चार तुकडे पाडले की फडक्यावर उभ्या-आडव्या रेघांचे चौकोन एकमेकांना बिलगून बसतात. हे पहिल्यांदा हातून घडतं तेव्हा फार आनंद होतो. आणि खरा पटच हवा असेल तर उत्तर साधं आहे: ताणा सगळा निळा, बाणा सगळा पांढरा.

कोस्टरला पुठ्ठा पुरतो

कोस्टरला ताण कमी लागतो, म्हणून जाड पुठ्ठ्याचा १२ सेंमीचा चौकोन पुरेसा आहे. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या सेंमीवर खाचा पाडा, सुती दोरा त्यांतून वर-खाली गुंडाळून ताणा तयार करा. सतारीइतका ताणायचा नाही. बोटाने दाबल्यावर दोरा किंचित हलला पाहिजे. बाण्याला जाडसर, सैल पिळाचं सुती सूत घ्या, कारण सैल पिळात पाणी लवकर शिरतं. मोठ्या नाक्याच्या सुईत सूत ओवून एक वर, एक खाली. सूत आधी धुऊन वाळवून घेतलं तर पुढे कोस्टर आटून वेडावाकडा होत नाही.

इथे सगळ्यांना छळणारी गोष्ट म्हणजे कंबर. सुरुवातीला १० सेंमी रुंद असलेलं कापड मधे ९ वर, मग ८ वर येतं आणि कोस्टर डमरूसारखा दिसतो. लोक म्हणतात काठाला सूत ओढलं गेलं. तेही असतं, पण मूळ कारण पुन्हा तीच नागमोडी वाट. १० सेंमी रुंदीच्या ताण्यातून वर-खाली जायला बाण्याला १० सेंमीपेक्षा जास्त सूत लागतं. आपण ते सरळ ओढून नेमकं १० देतो. मग ठोकताना बाणा वळायला जागा मागतो आणि ती काठांना आत ओढून मिळवतो. उपाय असा की सूत ओळीत सरळ आडवं ठेवायचंच नाही. त्याची टेकडीसारखी कमान करायची, काठाशी दोरा नुसता टेकेल इतकंच ओढायचं, आणि मग काट्याने मधून सुरू करून दोन्हीकडे खाली बसवत न्यायचं. कमानीतलं जास्तीचं सूत वळणांत मुरतं आणि काठ जागचा हलत नाही. दर चार ओळींनी पट्टीने रुंदी मोजा. अर्धा सेंमी कमी झाली असेल तर त्या चार ओळी उसवा; पुढे ती आपोआप भरून येत नाही.

गोल कोस्टरला पुठ्ठ्याची ११ सेंमीची चकती घ्या, मधोमध भोक पाडा आणि कडेला १५ खाचा. पंधराच का, तर कोनमापकाने २४-२४ अंशांवर नेमक्या खुणा करता येतात, आणि संख्या विषम आहे. विषम हवीच. १६ आरे, म्हणजे भोकापासून खाचांकडे जाणारे ताण्याचे दोरे, असतील तर पहिल्या फेरीत विषम आऱ्यांवरून आणि सम आऱ्यांखालून जाऊन आपण पुन्हा पहिल्या आऱ्याशी पोचतो तेव्हा पुन्हा वरूनच जायची पाळी येते. प्रत्येक फेरी तीच वाट चालते आणि वीण अडकतच नाही, सूत नुसतं गुंडाळलं जातं. १५ आऱ्यांत पहिला आरा पुन्हा येतो तेव्हा तो सोळावा असतो, त्याच्या खालून जावं लागतं, आणि फेऱ्या आपोआप एकमेकींना धरतात.

दोरा भोकातून वर काढायचा, खाचेतून मागे न्यायचा, पुन्हा भोकातून वर, पुढच्या खाचेत. पुढच्या बाजूला १५ आरे, मागेही १५. मधल्या पहिल्या तीन-चार फेऱ्या घट्ट घ्या, नंतर हात सैल सोडा. बाहेरच्या फेऱ्यांना घेर जास्त असतो. तिथे सूत कमी पडलं की कोस्टर वाटीसारखा वर वळतो, जास्त झालं की कडेला झालर पडते. काठापर्यंत आलात की मागचे दोरे मध्यावर कापा, पुठ्ठा सोडवा, कडेची शेजारशेजारची दोन-दोन टोकं गाठा (संख्या विषम असल्यामुळे एक गाठ तीन टोकांची होईल) आणि भोकाजवळची टोकं सुईने मागच्या बाजूला ओवून टाका.

कोस्टरचा पृष्ठभाग थोडा खडबडीत राहिला तर चांगलंच. अगदी गुळगुळीत कोस्टर ओला झाला की पाण्याच्या पातळ थराने पेल्याच्या बुडाला चिकटतो, पेला उचलताना वर येतो आणि मग अर्ध्या वाटेत खाली पडतो. विणीच्या उंचवट्यांमधून हवा आत जाते आणि तो सुटा राहतो.

वापरून झाल्यावर कोस्टर एकावर एक रचू नका, उभे करून वाळवा. ओले कोस्टर रचले की मधल्यांना दोन दिवसांत कुबट वास येतो. फडकी साध्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आचेजवळ नेऊ नका. वरून हाताला कोरडं लागलं तरी जाड विणीच्या आत ओल राहते, म्हणून मी धुतलेलं फडकं गालाला लावून बघते. गार लागलं तर अजून एक दिवस त्या शेवटच्या कडीने खिळ्याला टांगून ठेवते.